दहापटीचं घडीचं भिंग: खाडीकाठचं तण ओळखायला घ्यावं का?

घ्यावं. मात्र ज्याच्यावर ‘३०एक्स’ किंवा ‘६०एक्स’ छापलंय आणि बाजूला दोन चिमुकले दिवे लावलेत, ते नव्हे. धातूच्या टोपणात फिरून बसणारं, २१ मिलिमीटर व्यासाच्या काचेचं, खरोखर १०एक्स असलेलं आणि तीन काचा एकावर एक चिकटवून केलेलं घ्यावं. दुकानात ‘ट्रिप्लेट’ म्हणून मागायचं. सराफ त्याला नुसतं ‘लूप’ म्हणतात. हे परीक्षण त्या एका वस्तूचं आणि एकाच कामापुरतं आहे: ठाणे खाडीच्या काठाने, ऐरोली-वाशीपासून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींपर्यंत जे अनोळखी गवत, तण, झुडूप दिसतं त्याचं नाव नक्की करणं. हिरे पारखायला ते कसं आहे, हे सराफांना विचारा.

फोटोवरून झाड ओळखणारं ॲप हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतं, मग वेगळं भिंग कशाला, असं कुणीही विचारेल. ॲप फोटो पाहून दोन-तीन नावं पुढे करतं. ती नावं ज्या खुणेवर एकमेकांपासून वेगळी होतात ती खूण पाणथळीच्या वनस्पतींत बहुतेकदा मिलिमीटरभराची असते, आणि नेमकी पानाच्या मागे किंवा देठाच्या बेचक्यात लपलेली असते. उभ्याने काढलेल्या फोटोत ती येतच नाही. भिंग नाव सांगत नाही. पुढे आलेल्या दोन नावांतलं एक खोडून देतं, आणि काम तेवढंच असतं.

आधी आकड्याची गोष्ट, कारण फसगत तिथेच होते. भिंगाची ताकद घरीच तपासता येते. खोलीतला दिवा बंद करून उघड्या खिडकीसमोर उभं राहा, भिंग खिडकीकडे धरा आणि त्याच्या मागे पांढरा कागद. कागद पुढेमागे करत समोरच्या इमारतीची उलटी प्रतिमा स्वच्छ पडली की काच आणि कागद यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. २५० ला त्या आकड्याने भागा. अंतर २५ आलं तर भिंग १०एक्स, साडेबारा आलं तर २०एक्स. ‘३०एक्स’ लिहिलेल्याचं अंतर सव्वाआठच्या आसपास यायला हवं. स्वस्तातल्या भिंगांत ते पुष्कळदा वीस-बावीस येतं, म्हणजे खरी ताकद जेमतेम १२एक्स. सूर्यासमोर हा प्रयोग करू नका, कागद पेटतो. आणि टोपणावर ‘३०एक्स २१’ असं लिहिलेलं असेल तर त्यातला २१ हा नुसता काचेचा व्यास असतो, ताकदीशी त्याचा संबंध नाही.

दुसरी तपासणी आलेख कागदावर. मिलिमीटरच्या रेघा भिंगातून पाहा. मधल्या रेघा सरळ आणि कडेच्या धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसल्या, किंवा काळ्या अक्षराला निळी-पिवळी किनार दिसली, तर ती एकच काच आहे, ‘ट्रिप्लेट’ नाव कितीही ठळक छापलेलं असलं तरी. तीन काचांच्या भिंगात कडेपर्यंत रेघ रेघेसारखी राहते. हा फरक बारीक वाटतो, पण लव्हाळ्याच्या कणसातले खवले मोजताना तो लगेच जाणवतो: एका काचेत मधले चार खवले दिसतात आणि बाकीचं सगळं फेसाळतं. किमतीत साधारण पाच-सहा पटींचा फरक पडतो. दिवेवालं दीडशे-दोनशेला मिळतं, बरं ट्रिप्लेट हजाराच्या पुढे जातं. दुकानात जाऊन घेतलं तर वरच्या दोन्ही तपासण्या गल्ल्यासमोरच उरकता येतात. ऑनलाइन घेतलं तर परत करण्याची मुदत संपायच्या आत कराव्यात.

खरं ३०एक्स हाती आलं तरी इथे ते नकोच. काच वस्तूपासून आठ मिलिमीटरवर आणावी लागते, मग डोक्याची सावली पडते, वारा सुटला की पान हलून नजरेतून निसटतं, आणि एका वेळी वस्तूचा कागदाएवढा पातळ थर तेवढा स्पष्ट दिसतो. १०एक्सला एक इंच अंतर मिळतं, त्यामुळे उजेड आत शिरतो. २०एक्स दुसरं म्हणून ठेवायला हरकत नाही. जलपिंपळी, म्हणजेच रतोलिया, आणि नीरब्राह्मी या दोन्ही चिखलावर सरपटणाऱ्या आणि दोन्हींची पानं समोरासमोर. जलपिंपळीच्या पानाला वरच्या अर्ध्या भागात दाते असतात, नीरब्राह्मीची कड सपाट आणि पान मांसल. एवढ्यावर काम भागतं. पण कोवळ्या कोंबावर दाते नीट उमटलेले नसतील तर २०एक्समध्ये जलपिंपळीच्या पानावरचे केस पाहावेत. प्रत्येक केस मध्यावर चिकटलेला आणि दोन्हीकडे आडवा पसरलेला, होकायंत्राच्या काट्यासारखा. नीरब्राह्मीच्या पानावर केस नसतात, बारीक ठिपके असतात. (करिवण्यालाही ‘ब्राह्मी’ म्हणतात, ती भानगड वेगळी. त्याचं पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, लांब देठाचं; तिथे भिंगाची गरज नाही.)

धरायची पद्धत बहुतेकांची चुकते. टीव्हीतला गुप्तहेर धरतो तसं भिंग वस्तूजवळ धरून हातभर लांबून पाहिलं तर वाटाण्याएवढा तुकडा दिसतो. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, चष्मा असेल तर चष्म्याच्या काचेला, आणि हात तिथेच ठेवून पान हळूहळू भिंगाकडे आणायचं. भिंग धरलेल्या हाताची मधली बोटं गालाला टेकवा, दुसऱ्या हाताचं मनगट त्या हाताला टेकवा. दोन्ही हात एकमेकांबरोबर हलले तर चित्र हलत नाही. दुसरा डोळा मिटू नका, पाच मिनिटांत कपाळ दुखतं. उजेड पाठीमागून खांद्यावरून पानावर पडला पाहिजे. १८ मिलिमीटर काचेची भिंगं थोडी हलकी असतात, पण चष्मेवाल्यांनी २१ च घ्यावं, कारण डोळा काचेपासून लांब राहिला की दिसणारं वर्तुळ लहान होतं.

आता हे कुठे पैसे वसूल करतं ते. सगळ्यांत जास्त लव्हाळ्यांत.

पाणथळीकडे गवत म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं गवत नसतंच. काडी बोटांत फिरवा: तीन कडा लागल्या आणि आत भरीव असेल तर लव्हाळ्याच्या कुळातलं, गोल आणि पेरांमध्ये पोकळ असेल तर बहुधा गवत. हे हाताला कळतं. पण कडा घासलेल्या असतात, काही लव्हाळ्यांची काडी गोल असते, आणि मग भिंग उघडावं लागतं. पान काडीला जिथे वेढतं त्या जागी, आतल्या बाजूला पाहा. गवतात तिथे पातळ पापुद्रा किंवा केसांची रांग असते. नळाला, म्हणजे उंच वाढणाऱ्या फ्रॅगमायटिसला, ही केसांची रांग असते. लव्हाळ्यात तिथे बहुधा काहीच नसतं, आणि पानाचं आवरण काडीभोवती बंद नळीसारखं असतं. गवताचं आवरण एका बाजूला फाटलेलं, अंगावर घेतलेल्या शालीसारखं.

लव्हाळं ठरलं की कणीस. सायपेरस आणि फिम्ब्रिस्टायलिस या दोन गटांतली लव्हाळी सगळीकडे एकमेकांत मिसळून उगवतात आणि फोटोत दोन्ही ‘तपकिरी कणसाचं गवत’ एवढंच दिसतात. एक छोटं कणीस, तांदळाच्या दाण्याएवढं, भिंगाखाली आणा. सायपेरसचे खवले दोन ओळींत, आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे बसलेले असतात, त्यामुळे कणीस चपटं, वेणी घातल्यासारखं दिसतं. फिम्ब्रिस्टायलिसचे खवले गोल फिरत चढतात, अननसाच्या सालीसारखे, आणि कणीस कुठूनही पाहिलं तरी गोल. काडीवर पानाचं पातंच नाही आणि टोकाला एकच कणीस आहे असं दिसलं तर ते एलिओकॅरिस. पुढे प्रजातीपर्यंत जायचं तर पिकलेलं कणीस तळहातावर चोळून बी सुटं करा, फुंकर मारून फोलपट उडवा, आणि बी तीन कडांचं आहे की दोन्ही बाजूंनी फुगीर भिंगासारखं आहे ते पाहा. कोवळ्या कणसावर ही सगळी मेहनत वाया जाते: खवले मिटलेले असतात, बी भरलेलं नसतं. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर ते नोव्हेंबर, हे काम सोपं असतं.

शेरळाच्या बाबतीत भिंग दहा सेकंदांत निकाल देतं. गोड्या पाण्याच्या नाल्याकाठी, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचं, फुगीर पेरांचं हे झुडूप. प्रत्येक पेरावर काडीभोवती पातळ कागदी नळी असते. तिची वरची कड भिंगाने पाहा. कड कापल्यासारखी साफ असेल तर पर्सिकेरिया ग्लाब्रा, म्हणजे शेरळ. लांब राठ केसांची झालर असेल तर पर्सिकेरिया बार्बाटा. जुन्या पेरांवरची नळी फाटून झालर गळून गेलेली असते, म्हणून शेंड्याकडून दुसरं-तिसरं पेर पाहायचं. एकच फोटो घेऊन ॲपला विचारणारे नेमकं बुडाकडचं पेर दाखवतात.

पाण्यावर तरंगणाऱ्या हिरव्या साईत तर भिंगाशिवाय बोलूच नये. एक चिमटीभर उचलून तळहातावर पाण्यासकट उलटी करा. प्रत्येक टिकलीला एकच मूळ असेल तर लेम्ना, मुळांचा झुबका असेल तर स्पायरोडेला, मूळच नाही आणि दाणा रव्याएवढा असेल तर वुल्फिया. टिकलीऐवजी खवल्यांची लाल-हिरवी फांदी दिसली तर ॲझोला. आणि जोडीने तरंगणारी, दुमडलेली, पाण्याने न भिजणारी पानं असतील तर साल्व्हिनिया. इथे भिंगाचा खरा कस लागतो. पानाच्या वरच्या पृष्ठावर केसांचे खांब असतात. उपद्रवी साल्व्हिनिया मोलेस्टात प्रत्येक खांबाला चार केस फुटतात आणि टोकाला पुन्हा एकत्र जुळतात, हुबेहूब अंडी फेटायच्या तारेच्या फेटणीसारखे. साल्व्हिनिया नाटान्समध्ये केसांची टोकं सुटी राहतात. पान आडवं धरून कडेकडून पाहा. वरून पाहिलं तर फक्त पांढरे ठिपके दिसतात आणि माणूस भिंगालाच दोष देतो. दाट गर्दीत वाढलेल्या जुन्या पानांचे केस मोडलेले असतात, म्हणून मधलं घडी पडलेलं कोवळं पान घ्यावं.

तिवरासारख्या खारफुटीच्या झाडांत भिंग उपयोगी आहे, पण अर्धंच. तिवराच्या दोन्ही जातींची पानं समोरासमोर. अव्हिसेनिया मरिनाचं पान टोकाला निमुळतं आणि खालून राखाडी-पांढरं, अव्हिसेनिया ऑफिसिनॅलिसचं टोक गोलसर. फूलही मरिनाचं लहान, ऑफिसिनॅलिसचं ठळक मोठं. हे सगळं डोळ्यांनी दिसतं. भिंगात जे दिसतं ते देखणं आहे, निर्णायक नाही: खालच्या पांढरेपणाचा नमद्यासारखा केसांचा थर, आणि वर सकाळच्या वेळी मिठाचे कण, काहींच्या कडा सरळ चौकोनी. भिंग कामाला येतं ते काजळ्याशी गल्लत झाली तर, कारण मीठ काजळ्याच्या पानावरही साचतं. पण तिथेही आधी पानांची मांडणी पाहावी: काजळ्याची पानं आळीपाळीने येतात, देठ बहुधा लालसर, फळ मिरचीसारखं वाकडं. कांदळाच्या पानाच्या खालच्या बाजूचे काळे ठिपके भिंगाने खात्री करण्यासारखे आहेत. काकणाच्या पानाला ते नसतात.

धापा आणि मोरस यांना भिंग लागत नाही. धाप्याची पानं समोरासमोर, चपटी-मांसल, फूल गुलाबी चांदणी. मोरसाची आळीपाळीने, सुईसारखी गोल, फूल हिरवट आणि दिसेल न दिसेल एवढं. जलपर्णी, बेशरम, पाणकणीस, मारांडी ही दहा पावलांवरून कळतात. तालिमखान्याच्या पेरांवरचे काटे मोजायला भिंग काढणारा माणूस हौशी म्हणायचा. ते बोटाला टोचूनच कळतात. माक्याची काडी चुरडून ठेवली की रस काळा पडतो, भिंगापेक्षा तो पुरावा पक्का. चिपीसारख्या उंच झाडांत फूल वर आणि आपण खाली, तिथे लहान दुर्बीण हवी; मुळांवरूनही काम भागतं, चिपीची श्वासमुळं जाड आणि शंकूसारखी, तिवराची पेन्सिलीएवढी बारीक.

एक धोका वस्तूच्या खोक्यावर कुठेही लिहिलेला नसतो. १०एक्स भिंग वापरताना पान डोळ्यापासून इंचभरावर येतं. गेवा या खाडीकाठच्या झाडाच्या पानातून आणि फांदीतून पांढरा चीक येतो. डोळ्यात गेला तर दृष्टी तात्पुरती जाऊ शकते आणि डोळ्याला इजा होते. आळीपाळीची पानं, गळण्याआधी लाल होणारी, आणि मोडल्यावर चीक: अशा झाडाला भिंग लावायचंच नाही. गेला चीक तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा, डोळे चोळू नयेत. काठावरच्या झुडपांत खाजकुयलीच्या शेंगा असतात, तिची लव वाऱ्यावरही उडते. नियम सोपा: आधी दुरून पानांची मांडणी आणि चीक पाहायचा, मग भिंग उघडायचं. मोडायचंच असेल तर हात लांब करून.

मोडण्यावरून आठवलं. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. अभयारण्यात झाडाचा तुकडाही तोडता येत नाही, म्हणून वर सांगितलेलं चोळणं-मोडणं बाहेरच्या तणांपुरतंच, आणि कांदळवनाला बाहेरही कायद्याचं संरक्षण आहे. घरी नेऊन सावकाश पाहू, हा पर्याय त्यामुळे उरत नाही. झाडावरच, जागच्या जागी, खुणा पाहाव्या लागतात. गुडघे टेकून, म्हणजे एक प्लास्टिकचं आसन पिशवीत हवं. वेळ ओहोटीची हवी. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट हा जुना हिशेब अजून चालतो: चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत आत ऐरोलीकडे पाणी थोडं उशिरा पोचतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चिखलात उतरू नये, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या, दिवसांत काम निवांत होतं.

भिंग आणि मोबाइल एकत्र वापरता येतात, आणि ॲपचा खरा उपयोग तेव्हा होतो. भिंग कॅमेऱ्याच्या काचेला अगदी टेकवा, झूम दुपटीने वाढवा म्हणजे कडेचं काळं वर्तुळ जातं, आणि मोबाइलच हळूहळू पुढे न्या. शेजारी आलेख कागदाची बोटभर पट्टी ठेवली की मापही फोटोत येतं. प्रत्येक झाडाचे पाच फोटो: पूर्ण झाड जागेसकट, पान काडीला जोडलं जातं ती जागा, पानाची मागची बाजू, फूल किंवा फळ बाजूने, आणि पाचवा भिंगातून. प्लांटनेट हे ॲप फोटो टाकताना तो पानाचा की फुला-फळाचा ते विचारतं, तिथे खरं उत्तर द्यावं. आयनॅचरलिस्ट या नोंदींच्या ॲपवर दोन-तृतीयांशाहून जास्त ओळखणाऱ्यांचं एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी, होते. लव्हाळ्याची नोंद तिथे पोचते ती त्या पाचव्या फोटोमुळे. कणसाचा जवळचा फोटो नसेल तर जाणकार प्रजातीचं नाव द्यायला तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

दिव्यांबद्दल दोन शब्द. खाडीची हवा खारी. बटन सेलच्या कप्प्यातले पत्रे गंजतात आणि दिवा बंद पडतो. शिवाय समोरून पडणारा पांढरा झोत केस आणि खवले सपाट करून टाकतो. तिरपा सूर्यप्रकाश त्यांची सावली पाडतो, म्हणून ते उठून दिसतात. दिवा फक्त संध्याकाळी उपयोगी, आणि संध्याकाळी खाडीकाठी डास असतात.

निगा फारशी नाही. चिखल लागला तर कापडाने पुसू नका, वाळूचा एक कण काचेवर कायमचा ओरखडा उठवतो. आधी फुंकर, मग गोड्या पाण्याची धार, मग चष्म्याचं मऊ कापड. खाऱ्या पाण्याचा शिंतोडा तसाच वाळू दिला तर मिठाचा डाग बसतो आणि बिजागरीचा स्क्रू गंजतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर जोडकाचांच्या कडेने बुरशी शिरते आणि ती बाहेरून निघत नाही. तो स्क्रू काही महिन्यांनी ढिला होतोच, हा या वस्तूचा एकमेव खरा दोष; चष्म्याच्या दुकानातला बारीक पेचकस लागतो. आणि टोपणाला लाल किंवा नारिंगी दोरी बांधून गळ्यात अडकवा. काळं भिंग काळ्या चिखलात पडलं की पुन्हा दिसत नाही.